चौघांच्या दमाचा ऑर्गन

रविवार, ता. ९ डिसेंबर १८८८. ठाणे. सकाळची मिस्सा झाल्यावर, चर्चमागच्या शाळेच्या खोलीत.

हजर: पाद्रीसाहेब. कायतान शिंपी, फ्लूट. पास्कू, भातशेतीवाला, दुसरे क्लॅरिनेट. इनास, पोलिसांच्या बँडातून पेन्शनीत आलेला, वाद्य बसून. मी, कचेरीच्या दप्तरखान्यातला कारकून, पहिले क्लॅरिनेट, बँडाचा चिटणीस. मास्तर: दारात उभे. आत या म्हटले तर येत नव्हते आणि जा म्हटले असते तर गेले नसते. हजेरीत कुठे धरावे हे न कळल्याने त्यांचे नाव खाली वेगळे लिहिले.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. त्या दिवशीचा विषय एकच होता. चर्चच्या ऑर्गनच्या भात्याचे कातडे उंदरांनी खाल्ले होते. नवे कातडे मुंबईहून ईस्टरच्या आत येण्याची आशा नव्हती, आणि जानेवारीच्या अखेरीस गावचा सण होता. सणाच्या मोठ्या मिस्सेत, लोक वेदीपाशी कम्युनियनचा प्रसाद घेत असताना, ऑर्गनवर एक लांबलचक वादन व्हायचे. ते वाजले नाही तर सण झाला असे आमच्याकडे कोणी मानले नसते.

"ऑर्गन नाही, पण बँड आहे," असे म्हणून मी माझे बाड टेबलावर ठेवले. भाता फाटल्याचे कळले त्याच आठवड्यात मी ते वादन आमच्या चार लाकडी वाद्यांसाठी उतरवून काढले होते. चाळीस पाने. सर्वांत वरचा आवाज फ्लूटला, त्याखालचा मला, तिसरा पास्कूला आणि तळाचा इनासच्या बसूनला. बसून म्हणजे पुरुषभर उंचीचे, भुंग्यासारखे घुमणारे वाद्य. रेघा तांबड्या शाईने, सूर काळ्या. ऑर्गनमधला एकही सूर मी गाळला नव्हता.

पाद्रीसाहेबांनी पाने उलटली आणि दाराकडे पाहिले. "मास्तर, जरा बघता का?"

मास्तर आत आले. बाड नाकाशी धरून त्यांनी पहिले पान वाचले, मग शेवटचे, मग पुन्हा पहिले.

"अक्षर काय सुंदर आहे हो!" ते म्हणाले.

या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"आणि काम?" मी विचारले.

"कामही चोख आहे. फक्त इनास मरेल."

"अभी नाय मरत मास्तर," इनास म्हणाला, "पेन्शन चालू हाय."

आम्ही वाजवून पाहिले. कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आम्ही खण म्हणत असू. त्या वादनाच्या अखेरीस ऑर्गनचा तळाचा सूर सलग बावीस खण चालू राहतो. ऑर्गनला त्याचे काहीच नाही, भाता हलवणारा हलवत असतो. इनासचा चेहरा सातव्या खणात तांबडा झाला, नवव्यात जांभळा, आणि दहाव्यात त्याने बसून मांडीवर आडवे टाकून खोकायला सुरुवात केली. त्याला दम्याचा त्रास होता हे मला माहीत होते. पण मी ते वादन बसूनसाठी उतरवले होते, इनाससाठी नाही.

"ऑर्गनला नाक नसतं, चिटणीस," मास्तर मला म्हणाले. "माणसाला असतं. फरक एवढाच, पण त्यापायी सगळं पुन्हा लिहावं लागेल."

"मग तुम्ही लिहा," पाद्रीसाहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "साफ नक्कल तुम्ही काढा. अक्षर खरंच सुंदर आहे."

मास्तर कोणाला काही शिकवत नसत. आमच्याकडे ऑर्गन वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. पोटासाठी ते मिठाच्या खात्यात होते. रोज होडीने खाडी ओलांडून कळव्याच्या मिठागरांवर जात, आणि होडीत सर्वांकडे पाठ करून बसत, कारण वल्ह्यांचा ठेका डोळ्यांनी पाहिला की कानांना नीट ऐकू येत नाही असे त्यांचे म्हणणे. राहायला कोपरीत, स्टेशनजवळ, एका खोलीत. मूळचे कल्याणचे, तिथे एक विधवा बहीण होती. लग्न केले नव्हते. बारा महिने छत्री बाळगत आणि पाऊस आला तरी ती उघडत नसत. उघडली की पावसाचा एकच एक आवाज होतो, आणि मिटून धरली की छपरांचा, पानांचा, रस्त्याचा असे निरनिराळे ऐकू येतात. भिजून जात, शिंकत राहत. खिशात मिठाचा खडा असे. कोणी बेसूर वाजवले तर बोलत नसत, खडा जिभेवर ठेवत. माझ्या वाजवण्याच्या वेळी त्यांनी किती वेळा खिशात हात घातला याची मी आठवण ठेवली होती. चार वेळा.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी एक पातळ पाती लागते. माझ्या पात्या मुंबईच्या दुकानातून डबीत यायच्या, नंबर घातलेल्या. मास्तर खाडीकाठचा देवनळ कापून, ज्या चाकूने बोरू तासत त्याच चाकूने पास्कूला पात्या करून देत. त्या माझ्या पात्यांपेक्षा चांगल्या वाजायच्या. हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे.

मास्तर कधी वेळेवर येत नसत, आणि तरी लोक त्यांच्यासाठी खोळंबत. मी दर वेळी पंधरा मिनिटे आधी पोचायचो, मला कोणी "आलात का?" असेही विचारले नाही. आमच्या घरातही तेच. सणाला मैद्याचे गोड फुगे तळले की पहिला घाणा माझी बायको टोपलीत घालून कोपरीला पाठवायची.

"घरच्यांच्या आधी?" मी एकदा विचारले.

"त्यांना कोन हाय?" ती म्हणाली. "आनि त्ये खाऊन सांगतान तरी, कसे झाले त्ये. तुमी खाता आनि मोजता."

मोजत तर मास्तरही होते. त्यांच्या मोजण्याची तऱ्हा मला फार उशिरा कळली. त्या डिसेंबरात ते आम्हा चौघांपैकी प्रत्येकाला एकेकदा फिरायला घेऊन गेले. पास्कूबरोबर त्याच्या शेताच्या बांधावरून, इनासबरोबर तलावाला फेरी, कायतानबरोबर त्याच्या दुकानात नुसते बसून. माझ्याबरोबर ते कचेरीपासून कोपरीपर्यंत चालले. मला वाटले, अखेर यांना माझी किंमत कळली. मी त्यांना दप्तरखान्याची नवी मांडणी समजावून सांगितली: कोणते कागद कोणत्या फळीवर, चिठ्ठ्या कशा लावायच्या, वाळवीला काय करायचे. मास्तर मान हलवत होते. स्टेशनशी आल्यावर म्हणाले, "वा. फार उपयोग झाला." मी खूश होऊन घरी आलो.

त्यांनी एक शब्दही ऐकला नव्हता. ते माझे श्वास मोजत होते. बोलताना माणूस कुठे थांबतो, किती वेळाने थांबतो, चढाला काय होते, उत्साहात काय होते. "वाजवून दाखव म्हटलं की माणूस छाती फुगवतो," ते पुढे एकदा पास्कूला म्हणाले. "बोलताना खरं काय ते कळतं."

नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांनी लिहिलेले कागद माझ्या हाती आले. सत्तावीस. सगळे मिठाच्या जुन्या, रद्द झालेल्या परवान्यांच्या पाठीवर. रेघा हातानेच ओढलेल्या, वाकड्या. कुठे शाईचा डाग, कुठे होडीत उडालेले पाणी. आणि कोणत्याही भागावर वाद्याचे नाव नाही. 'फ्लूट' नाही, 'कायतान'. 'बसून' नाही, 'इनास'.

मी कोपरीला जाऊन विचारले, "असं कसं चालेल? उद्या पास्कू तापाने पडला तर दुसऱ्या कोणाला हा कागद कसा द्यायचा?"

"देता येणार नाही."

"मग?"

"मग पास्कूला बरं करायचं."

घरी येऊन मी ते वाचायला बसलो, चुका काढाव्यात म्हणून. चुका सापडल्या नाहीत. जे सापडले ते पाहून मी बराच वेळ बोरू हातात घेतला नाही. तो बावीस खणांचा तळाचा सूर मास्तरांनी पास्कू, इनास आणि मी, अशा तिघांत वाटला होता. एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने हळूच खालून धरायचा, आणि ऐकणाऱ्याला जोड कळू द्यायचा नाही. वर कायतानचे फ्लूट एकटे मोकळे. प्रत्येकाने श्वास कुठे घ्यायचा तेही लिहिले होते. तिथे सुरावर एक स्वल्पविराम. पास्कूचे दोन, इनासचे चार. कोणतेही दोन स्वल्पविराम एका जागी पडत नव्हते. इनासला तर मध्ये चार खण पुरी विश्रांती होती. तेवढा वेळ सूर पास्कूने आणि मी धरायचा. माझ्या चाळीस पानांत ऑर्गनचे सगळे सूर होते. या सत्तावीस कागदांत ऑर्गन होता.

माझे स्वल्पविराम सात होते.

कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात आकडे मांडले होते, एका श्वासात कोणाचा दम किती मात्रा पुरतो त्याचे. पास्कू एकतीस. कायतान बावीस. इनास एकोणीस. आणि माझ्या नावापुढे चौदा. दमेकरी पेन्शनर इनासच्याही खाली मी. तीन वर्षांपूर्वी मला छातीचा मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर माझी छाती पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि हे मी घरात सोडून कोणालाही कळू दिले नव्हते, कारण पहिल्या क्लॅरिनेटची जागा दमावर असते. मास्तरांनी ते कोपरीच्या रस्त्यावर काढून घेतले होते.

पास्कू आणि मी एकाच घोडीवर कागद ठेवून वाजवत असू. त्याच्या भागावर दोन स्वल्पविराम आणि शेजारी माझ्यावर सात. तो काही बोलला नसता. पण त्याने पाहिले असते.

नक्कल काढताना मी माझे चार स्वल्पविराम गाळले. सूर एकही बदलला नाही. फक्त चार स्वल्पविराम. तीन ठेवले. मला वाटले, तीन श्वासांत मी भागवीन.

आणि तालमींत भागवलेही. तालमी संध्याकाळी, चहा-पाव झाल्यावर व्हायच्या. मास्तर तालमीला खोलीत बसत नसत, अंगणात पाठ करून उभे राहत आणि शेवटी येऊन म्हणत, "ठीक. उद्या एवढंच वाईट वाजवा." कायतानला हे फार आवडायचे. तो घरोघरी ते सांगत फिरायचा.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. कम्युनियन घ्यायचे तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नाही. सणाची मिस्सा दहाला सुरू झाली. चर्च भरून लोक पायऱ्यांवर उभे होते. धुपाचा धूर माळ्यावर आमच्यापर्यंत चढला. आमच्याशेजारी मुक्या ऑर्गनच्या स्टुलावर मास्तर बसले होते, हात मांडीवर.

सुरुवात इतकी चांगली झाली की खाली माणसे माना वळवून वर पाहू लागली. ऑर्गन दुरुस्त झाला असे त्यांना वाटले असावे. मग तो तळाचा सूर आला. तेराव्या खणात इनास विश्रांतीला गेला. चौदाव्यात मूळ कागदावर माझा श्वास होता; मी तो गाळलेला, म्हणून मी ओढत राहिलो. पोट रिकामे, डोळ्यांसमोर ठिपके. पंधराव्या खणात पास्कूने त्याच्या स्वल्पविरामावर निर्धास्तपणे सूर सोडला, कारण मी धरून आहे असे कागद सांगत होता. त्याच क्षणी माझा दम संपला.

चर्चमध्ये फक्त कायतानचे फ्लूट उरले, खाली काही नसलेले. मग लगेच तो सूर पुन्हा आला. मिटल्या तोंडाने मास्तर तो गुणगुणत होते. अगदी तोच सूर, तसाच सपाट, छातीतून निघालेला. पास्कू परत आला, इनास आला, मीही आलो. मास्तरांनी शेवटच्या खणापर्यंत तो सूर सोडला नाही.

मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर बायका विचारत होत्या, "शेवटाला कंचा आवाज आला गो तो?" कोणी म्हणाली, ऑर्गन आपोआप बोलला. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत कळव्यापर्यंत पोचली. पास्कूच्या आईने मास्तरांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मी केलेले भोकसुद्धा त्यांच्याच नावावर जमा झाले. चूक झाली म्हणून मला लाज वाटायला हवी होती. मला मत्सर वाटला. जे घडले ते असे आहे, म्हणून असे लिहितो.

पुढच्या रविवारी मास्तर, येतो असे आधी कळवून, माझ्या घरी आले. आयुष्यात प्रथमच वेळेवर. बायकोने पाट दिला, तरी ते उभेच राहिले.

"चिटणीस, मी तुमची माफी मागायला आलोय."

"कशाबद्दल?"

"चर्चमध्ये जाऊन तुमची नक्कल बघितली. तुम्हाला मी तीनच श्वास दिले. तीन! माझ्या डोक्यात सात होते. डोक्यात सात आणि हातून उतरले तीन. असं कसं झालं?"

आत तेलात काहीतरी चुरचुरत होते.

"तुमच्या नकलेत चूक नसते," ते म्हणाले, "म्हणजे माझ्याच कागदात असणार. मला ते कागद जरा द्याल? हात कुठे घसरला ते बघायचंय. पास्कूला एकतीस धरले होते, आणि तुम्हाला..." इथे ते थांबले. बायको दारात उभी होती. माझा आकडा त्यांनी तिच्यासमोर उच्चारला नाही. त्यांची ही सभ्यता मला सर्वांत असह्य झाली.

"कागद वाळवीने खाल्ले," मी म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी माझ्या कपाटाकडे पाहिले, जिथे प्रत्येक फळीवर चिठ्ठी होती. वाळवीला काय करायचे हे मी त्यांना कोपरीच्या रस्त्यावर सविस्तर सांगितले होते. पण ते त्यांनी ऐकलेच नव्हते ना. मान हलवून म्हणाले, "ज्याला जास्त लागतात त्यालाच मी कमी दिले. उद्या इनासच्या बाबतीत हात घसरला असता तर तो माळ्यावरच गेला असता. दुसऱ्याच्या श्वासाशी आपण खेळू नये, हेच खरं."

"एखाद्या वेळी होतं असं," मी म्हणालो.

"एखाद्या वेळीच होतं. तेवढं पुरतं," ते म्हणाले, आणि मिटलेली छत्री घेऊन गेले.

ईस्टरनंतर कातडे आले. ऑर्गन पुन्हा वाजू लागला आणि मास्तर पुन्हा त्या स्टुलावर बसू लागले. पण त्यांनी नंतर बँडासाठी एक ओळही लिहिली नाही. पाद्रीसाहेबांनी दोनदा विचारले, पास्कूने तर हातापाया पडून विचारले. ते मिठाचा खडा चघळत हसायचे. तीन वर्षांनी पेन्शन घेऊन ते कल्याणला बहिणीकडे गेले. निरोपाला स्टेशनवर निम्मे गाव होते. मी हजेरी घेतली होती. एकशे बारा.

आता यंदाची गोष्ट. भात्याचे कातडे पुन्हा फाटले. पाद्री नवे आहेत. त्यांनी मास्तरांचे ते वादन ऐकलेले नाही, पण त्याबद्दल ऐकले आहे. जुन्या नकला काढून आम्ही बसलो, तेव्हा मास्तर किती खरे बोलले होते ते कळले. इनास वारून चार वर्षे झाली. बसून आता टपाल खात्यातला एक ताडमाड माणूस वाजवतो आणि इनासचा भाग त्याला घट्ट कोटासारखा होतो. पास्कूचेही आता एकतीस उरलेले नाहीत. सगळे पुन्हा लिहावे लागणार.

पाद्रींनी कल्याणला पत्र घातले. उत्तर मी वाचले, कारण पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. "मी त्या कामात एकदा चुकलो आहे, आणि कुठे चुकलो ते मला अजून सापडलेले नाही. म्हणून पुन्हा हात घालणार नाही. चिटणीसांना सांगावे. ते चुकत नाहीत."

पाद्री माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग तुम्हीच करा."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी अकरा वर्षे थांबलो होतो.

गेले दोन आठवडे मी रोज बसतो आहे. टपालवाल्याला तलावाला फेरी मारायला नेले. तो भरपूर बोलला. घरी आलो तेव्हा त्याच्या बायकोच्या माहेरची सगळी माणसे मला नावानिशी पाठ होती, आणि श्वास एकही मोजलेला नव्हता. मी ऐकत बसलो होतो.

काल पास्कू येऊन गेला. कोऱ्या कागदाकडे पाहून म्हणाला, "चिटनीस, तासाभराची गाडी हाय रं. जाऊन घेऊन ये ना मास्तरांना. तुजा सबूद मोडाचे नाय त्ये."

"मला वेळ नाही," मी म्हणालो.

"तुला? येल नाय?" तो मोठ्याने हसला. "तू तर उद्याची कामा आज करतंस!"

परवान्यांच्या पाठीवरचे ते सत्तावीस कागद माझ्या कपाटात तिसऱ्या फळीवर आहेत. त्यांना वाळवी लागलेली नाही, लागू दिलेली नाही. मास्तरांनी ते एकदा पाहिले की माझ्या नावाखाली सात स्वल्पविराम त्यांना दिसतील, आणि ते पुन्हा लिहायला बसतील. सण आणखी सहा आठवड्यांवर आहे. त्यांना तेवढे पुरेल. मग पाद्री मला म्हणतील, नक्कल काढा.

आजची कामे. बसूनला तेल देणे: झाले. शाळेच्या खोलीची किल्ली दुसरी करून घेणे: झाले. कोरे कागद आखणे, चाळीस: झाले. सत्तावीस कागद मास्तरांना नेऊन देणे: हे गेली अकरा वर्षे दर यादीत शेवटी लिहितो. आजही लिहिले आहे.